राधाकृष्णभाऊंनी मिरवणूक विकली त्याची गोष्ट

राहुरीहून आमच्या हिंगणटेककडे वळलं की फाट्यावर पहिलं दुकान लागतं ते राधाकृष्णभाऊंचं. ठिबकच्या नळ्या, पाइप, मोटारीचं किरकोळ सामान. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एक खोड होती. कुठलीही वस्तू लागायच्या आधी घ्यायची, म्हणजे स्वस्त पडते. स्वेटर वैशाखात, छत्री दिवाळीत, आणि गणपतीच्या लाइटच्या माळा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. मुलगी मोनिका पाचवीत असताना तांब्याचा भाव उतरला म्हणून त्यांनी तिच्या लग्नाची भांडी घेऊन ठेवली होती. पुढे मोनिकानं पुण्यात रजिस्टर लग्न केलं आणि भांडी माळ्यावरच राहिली. भाऊंना त्याचंही वाईट वाटलं नाही. "आज घ्यायची म्हटली तर किती जातील?" असं ते विचारायचे आणि मनातल्या मनात फायदा झाल्याचं समाधान मानायचे.

असा माणूस मागच्या ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डातून उभा राहिला. चार जणांनी भरीला घातलं, आणि समोर कुणी येणार नाही असं सगळे धरून चालले होते. शेवटच्या दिवशी भिमाबाईंचा अर्ज आला.

भिमाबाई खालच्या वस्तीवर राहतात. शेळ्या पाळतात आणि बायकांचा बचत गट चालवतात. गावातल्या निम्म्या घरांत शिलाई मशीन आलं ते त्यांच्या गटामुळे. त्यांना सभा नव्हती, रिक्षा नव्हती, पत्रक नव्हतं. निवडून येऊ असं त्यांनाही वाटत नव्हतं. पिठाच्या गिरणीवर भाऊ भेटले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "राधाकिसन, पेढे चांगल्या दुकानाचे आन बरं. मागल्या मेंबरानं आनलेले निस्ती साखर हुती."

भाऊंनी ते मनावर घेतलं.

मतमोजणी राहुरीला. एकाच दिवशी तालुक्यातल्या कितीतरी गावांचा निकाल. त्या दिवशी गुलालाचा भाव काय होतो, डीजे मिळत नाही, फेटेवाला फोन उचलत नाही, हे भाऊंनी पाहिलेलं होतं. मागे शेजारच्या गावचा एक जण चांगल्या मतांनी निवडून आला आणि वाजंत्री मिळाली नाही म्हणून ट्रॅक्टरच्या हॉर्नवर घरी गेला. त्याच्या बायकोला वाटलं पडला, तिनं चूल पेटवली नाही. तशी फजिती भाऊंना नको होती.

म्हणून त्यांनी मतदानाच्या आधीच सगळं ठरवून टाकलं. श्रीरामपूरच्या बाजारातून गणपतीत उरलेला गुलाल पोत्यानं आणला. राहात्याच्या करणचा डीजे सांगितला. दोन जेसीबी आणि त्यांच्या बकेटात भरायला झेंडूची फुलं. पन्नास फेटे. पेढ्यांचे खोके, आणि प्रत्येक खोक्यावर भाऊंचा हात जोडलेला फोटो. एक मोठा फ्लेक्स, त्यावरही तोच फोटो आणि खाली 'प्रचंड बहुमताने विजयी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. गावात आचारी लावून आमटी, भात आणि बुंदी. सगळ्यांना इसार दिला आणि सगळ्यांकडून भाव पाडून घेतला.

त्यांच्या पत्नी सविताताई एवढंच म्हणाल्या, "आवो, आदी मतं तर पडू द्या."

"मतं पडल्यावर भाव वाढतोय," भाऊ म्हणाले.

निकालाच्या दिवशी दुपार व्हायच्या आत आमच्या वॉर्डाचा नंबर लागला. भाऊ नऊ मतांनी पडले. त्यांनी फेरमोजणी मागितली. त्यात बेरीज चुकलेली निघाली आणि त्यांचं आणखी एक मत गेलं. अधिकाऱ्यानं अजून एकदा मोजायचं का विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाले, "नको, परवडायचं न्हाई."

ते बाहेर आले. रस्त्याच्या कडेला त्यांची सगळी मिरवणूक उभी होती. डीजेची गाडी, फुलांनी भरलेले दोन जेसीबी, आणि सावलीला बसलेले, फेटे बांधलेले पन्नास कार्यकर्ते. फेटेवाल्याला पुढे दुसऱ्या गावाला जायचं होतं, म्हणून त्यानं सकाळीच सगळ्यांना फेटे बांधून टाकले होते. बातमी सगळ्यांना कळली होती. कुणी भाऊंकडे बघेना. एकानं फेटा काढायचा प्रयत्न केला, पण पिना पक्क्या होत्या.

तेवढ्यात भाऊंचं लक्ष जेसीबीच्या बकेटाकडे गेलं. उन्हानं वरची फुलं कोमेजायला लागली होती. ते पुढे झाले आणि ऑपरेटरला म्हणाले, "बाबा, मशीन सावलीला घे." पुढे ते मला म्हणाले, "पडल्याचं वाईट वाटायला मला दोन दिवसांनी वेळ मिळाला. तवर ते शिळं झालं हुतं."

मग ते करणकडे गेले. करण पोरगा सज्जन, पण धंद्यात पक्का.

"करण, कार्यक्रम रद्द हाय."

"भाऊ, वाईट झालं. पण गाडी इथवर आली, पोरं आली, जनरेटर आला. आता रद्द केलं तरी पैसे पूर्णच. वाजवलं तरी तेवढेच."

जेसीबीवाल्याचं म्हणणं तेच. पेढे परत घ्यायला हलवाई तयार नव्हता, कारण भाऊंचं तोंड असलेला खोका तो दुसऱ्या कुणाला विकणार? आचाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "बुंदी पाकात पडली. आता काय करता?"

भाऊंनी घरी फोन लावला. सविताताईंना बातमी आधीच कळली होती. त्यांनी रडारड केली नाही. भाऊ पाच मिनिटं फुलं, डिझेल आणि बुंदी यांबद्दलच बोलत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "मग जी आली तिला इका की. तिच्याकडं तर काईच न्हाई."

भाऊंनी फोन खिशात टाकला आणि मोटारसायकलला किक मारून ते थेट खालच्या वस्तीवर गेले.

भिमाबाईंच्या दारात गर्दी होती. पण गर्दीला करायला काही नव्हतं. कुणीतरी घरातलं हळदकुंकू आणून एकमेकांना लावत होतं. भिमाबाई सकाळी मोजणीला गेल्याच नव्हत्या. शेळी विणार होती म्हणून थांबल्या होत्या, आणि त्यांचा मुलगा सम्राट राहुरीहून प्रमाणपत्र घेऊन आला तेव्हा त्या करडाला पुसत होत्या. सम्राट टेम्पो चालवतो. त्यानं येताना सगळी राहुरी पालथी घातली, पण गुलालाचं पुडकं मिळालं नाही. दुसऱ्या गावांनी सकाळीच उचललं होतं.

भाऊ आलेले पाहून सगळे बाजूला सरले. लोकांना वाटलं आता भांडण होणार.

"जय भीम, भिमाबाई," भाऊ म्हणाले. "अभिनंदन."

"जय भीम. बस राधाकिसन. च्या घे."

भाऊ खाटेवर बसले. चहा आला. तो अर्धा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मिरवनूक काडनार का न्हाई?"

"कशाची काडती? हातात काय हाय?"

"माझ्याकडं हाय. एक तयार. राहुरीत हुबी हाय. गाडी लावून, फुलं भरून. घेता का?"

सम्राटला आधी समजलं नाही. समजलं तसा तो उठून उभा राहिला. "आई, घेऊ आपण." भिमाबाईंनी त्याला हातानंच खाली बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर बचत गटाच्या बैठकीत येतो तसा भाव आला.

"काय काय हाय त्यात?"

भाऊंनी सगळं सांगितलं. भिमाबाई एकेक गोष्ट ऐकून मान हलवत होत्या.

"गुलाल कंचा?"

"गुलाबी."

"आपल्याला निळा पाहिजे," सम्राट म्हणाला.

"निळा आपन जयंतीला उधळतूच," भिमाबाई म्हणाल्या. "ही ग्रामपंचायत गावाची हाय, गुलाबी चालंल. पन राधाकिसन, पोराच्या पसंतीचा रंग न्हाई, तर तेवढा भाव कमी कर."

भाऊंनी कमी केला.

"पेढे?"

"चांगल्या दुकानाचे हायेत. तुमीच सांगितलं हुतं."

"त्यावर फोटू कुनाचा?"

"माझा हाय. पन आतला पेढा तर पेढाच."

भिमाबाई म्हणाल्या, "आसं बग. हे खोके घरोघर जानार. प्रत्येक घरात तुझं तोंड जानार. म्हंजे जाहिरात तुझी आन पैशे आमचे. मग पेढ्याचे पैशे आमी कशाला द्यायचे? जाहिरातीचे तूच दे की."

भाऊ व्यापारी माणूस, त्यांना त्यात खोट सापडेना. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर पेढे निम्म्या भावात ठरले, आणि जाहिरातीचा विषय भिमाबाईंनी मोठ्या मनानं सोडून दिला. आमटी-भात आणि बुंदी मात्र त्यांनी पूर्ण भावात घेतली. "अन्नाचा भाव पाडू ने," त्या म्हणाल्या. फ्लेक्स त्यांनी पाहायलाही नकार दिला. वस्तीनं तिथंच वर्गणी काढली, निम्मे पैसे हातात दिले आणि निम्मे मिरवणूक नीट पार पडल्यावर.

"नीट म्हंजे?" भाऊंनी विचारलं.

"म्हंजे तू सोबत ऱ्हा. उद्या डीजे बंद पडला तर मी कुनाला धरू?"

अशा रीतीनं पडलेला उमेदवार निवडून आलेल्या उमेदवाराच्या मिरवणुकीचा जबाबदार माणूस झाला.

राहुरीत फेटे बांधलेले पन्नास जण अजून तिथंच होते. घरी कसं जायचं हा प्रश्न होता, आणि जेवण गावात होतं. भाऊंनी त्यांना खरं ते सांगितलं, की कार्यक्रम तोच आहे, फक्त माणूस बदललाय. त्यांनी आपापसात विचार केला. एक जण म्हणाला, "भाऊ, तुमी सांगाल तसं. आमी तुमच्याच शब्दाला नाचतूय." मग ते सगळे भिमाबाईंच्या मिरवणुकीत नाचायला तयार झाले, आणि सांगायला हरकत नाही, जीव तोडून नाचले. दुःख होतंच, ते पायांत उतरलं असावं.

अडचण गाण्याची झाली. भाऊंनी करणला खास सांगून प्रत्येक गाण्याच्या मध्ये एक घोषणा भरून घेतली होती, 'एकच वादा, राधाकृष्णदादा'. ती आता काढता येत नव्हती. करणनं डोकं लढवलं. घोषणा आली की 'राधाकृष्णदादा'च्या आधी आवाज बंद करायचा आणि माइकवर स्वतः 'भिमाबाई' म्हणायचं. पण त्याचा हात दर वेळी थोडा उशिरा पडायचा. त्यामुळे मिरवणूक गावात शिरली ती 'एकच वादा, राधाकृष्ण भिमाबाई' असं गर्जत.

वेशीपाशी म्हातारे छगनराव पारावर बसले होते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "ह्यो राधाकृष्ण भिमाबाई कोन? कुन्या गावचा?"

मिरवणुकीत टेम्पोवर भिमाबाई उभ्या होत्या, हार घालून, गंभीर चेहऱ्यानं, एका हातानं सम्राटचा खांदा धरून. मागे भाऊ चालत होते. फेटे परत करायचे होते, म्हणून त्यांची नजर सारखी लोकांच्या डोक्यांवर होती. नाचणारा एखादा गल्लीत वळला की भाऊ त्याच्या मागे जायचे आणि घेऊन यायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटत होतं, भाऊ लोकांना आग्रहानं मिरवणुकीत ओढत आहेत.

मारुतीच्या देवळासमोर फुलं टाकायची होती. एका जेसीबीनं टेम्पोवर बरोबर भिमाबाईंच्या डोक्यावर झेंडू ओतला. दुसऱ्याचा ऑपरेटर नवा होता. त्याला दोन दिवस आधी भाऊंचा फोटो मोबाईलवर पाठवून ठेवला होता, 'ह्यांच्यावर टाकायची', आणि तो बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं गर्दीत माणूस शोधला, बकेट वर उचललं आणि सगळी फुलं भाऊंवर ओतली.

भाऊ गुडघ्यापर्यंत झेंडूत उभे राहिले. पन्नास कार्यकर्त्यांना राहवलं नाही, त्यांनी भाऊंना खांद्यावर घेतलं. गुलाल उडाला. छगनराव काठी टेकत पुढे आले आणि भाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, "लेका, नाव काडलंस. बापाला लई बरं वाटलं आसतं." भाऊंनी खांद्यावरून दोनदा सांगायचा प्रयत्न केला, की मी नाही, त्या. पण डीजेमुळे काही ऐकू जात नव्हतं. तिसऱ्या वेळी ते नुसते हात जोडून बसले. डोळ्यांत गुलाल गेला होता. सम्राट सांगतो, भाऊ तेव्हा रडत होते. भाऊ म्हणतात, गुलाल हलका होता, गणपतीतला उरलेला.

टेम्पोवरून भिमाबाईंनी हे सगळं पाहिलं आणि वाकून त्या भाऊंच्या कानाशी ओरडून म्हणाल्या, "एका जेसीबीची फुलं तुज्यावर पडली. तेवढे पैशे कमी व्हतील."

मिरवणुकीचा रस्ता भाऊंनीच आखलेला, त्यामुळे ती शेवटी त्यांच्याच दारात येऊन थांबली. सविताताई ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. ताट सकाळीच तयार केलं होतं. भिमाबाई खाली उतरल्या. दोघी गटातल्या मैत्रिणी. सविताताईंनी त्यांना कुंकू लावलं आणि ओवाळलं. मग त्यांनी मागे गुलालानं माखलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. निरांजन पेटलेलंच होतं. त्यांनी त्यांनाही ओवाळलं.

"मला कशाला?" भाऊ म्हणाले.

"तेल वाया जातंय," सविताताई म्हणाल्या.

जेवणाला सगळं गाव आलं. भाऊंचे लोक आणि भिमाबाईंचे लोक एकाच पंगतीला बसले, कारण भाऊंनी पंगती फक्त आपल्या बाजूचे लोक धरून मांडल्या होत्या. बुंदी कमी पडली नाही. करणनं गाडी आवरली, फेटे दोन सोडून सगळे परत आले, आणि संध्याकाळी भिमाबाईंनी उरलेले पैसे आणून दिले, झेंडूचे कापून.

दोन दिवसांनी भाऊंनी हिशेब केला. बराचसा खर्च भरून निघाला होता. मग त्यांना पडल्याची आठवण झाली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी सविताताईंना विचारलं, "खरं सांग. तू मत मलाच दिलं ना?"

"तुमालाच दिलं," त्या कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "पन मनात न्हवतं."

भाऊ म्हणाले, "मोजनीत तेवढंच धरत्यात म्हना," आणि विषय संपला.

पण गावाच्या डोक्यातला गोंधळ संपला नाही. फुलं भाऊंवर पडताना अर्ध्या गावानं पाहिलं होतं, पेढ्याच्या खोक्यावर भाऊ होते, आणि घोषणा तर सगळ्यांनी ऐकली होती. लोक पाण्याच्या तक्रारी घेऊन दुकानात यायला लागले. भाऊ आधी समजावून सांगायचे. मग त्यांच्या लक्षात आलं, की समजावण्यापेक्षा तक्रार घेऊन भिमाबाईंकडे जाणं कमी वेळाचं काम आहे. ते जायचे. भिमाबाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पाइप तुज्याच दुकानातला लागनार ना? मग भाव नीट लाव."

फ्लेक्स मात्र कुणी घेतला नव्हता. तो भाऊंनी स्वतःच्या कांद्याच्या चाळीवर टाकला, छापील बाजू आत करून. चाळीत काम करणाऱ्या बाया म्हणतात, वर पाहिलं की भाऊ हात जोडून दिसतात आणि बसून राहायची सोय राहत नाही.

पुढच्या वर्षी आमच्या सोसायटीची निवडणूक लागली. दोन्ही पॅनेलचे पुढारी वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न कळवता, भाऊंकडे आले. दोघांचा प्रश्न एकच, तयारी तर आधी करायला हवी, पण पडलो तर? भाऊंनी दोघांना समोरासमोर बसवलं. मिरवणूक एकच सांगायची. खोक्यावर फोटो नाही, गाण्यात नाव नाही, फेटे बिनबांधलेले. इसार दोघांनी निम्मा निम्मा भरायचा. जो येईल त्यानं उरलेले द्यायचे आणि मिरवणूक न्यायची. जो पडेल त्यानं घरी जायचं, जेवायला मात्र यायचं. दोघांनाही हे पटलं. नंतर एक जण म्हणाला, सबंध निवडणुकीत आमचं एवढ्याच गोष्टीवर एकमत झालं.

तेव्हापासून भाऊंच्या दुकानात पाइपांच्या मागे गुलालाची पोती असतात. राहात्यापर्यंत नाव झालंय. ते स्वतः पुन्हा उभे राहिले नाहीत. भिमाबाई अधूनमधून चिडवतात, "राधाकिसन, पुढच्या टायमाला मी बसती, तू हुबा ऱ्हा." भाऊ म्हणतात, हंगामात दुकान सोडून जमत नाही.

परवा मी ठिबकची एक जोडणी आणायला गेलो होतो. पांढऱ्या कपड्यातला एक तरुण उमेदवार खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्यानं सगळं ठरवून घेतलं, इसार दिला, आणि जाता जाता हळूच विचारलं, "भाऊ, तुमी एवढं पाहिलंय. माझं काय होईल, वाटतं?"

राधाकृष्णभाऊंनी माझी जोडणी कागदात गुंडाळून दिली आणि मग त्याच्याकडे वळले.

"त्यात मी पडत न्हाई," ते म्हणाले. "जेवायला मानसं किती धरू, तेवढं सांगा."